प्रेत नाही, कागद नाही, मग सत्य आयोग नोंद कशाची करतात?

आडवाट

नमस्कार मंडळी,

अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीबद्दल (१९७६ ते १९८३) वाचतो आहे. वाचता वाचता एका जागी अडलो, म्हणून हा धागा.

डिसेंबर १९७९ मध्ये एका पत्रकार परिषदेत राजवटीचा प्रमुख जनरल विदेला याला बेपत्ता लोकांबद्दल विचारलं गेलं. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा: माणूस बेपत्ता आहे तोवर त्याला अस्तित्वच नाही, तो जिवंत नाही, मेलेलाही नाही, बेपत्ता आहे. झालं!

खून झाला की प्रेत असतं, पंचनामा असतो. अटक झाली की ठाण्यात नोंद असते. इथे रात्री साध्या कपड्यातली माणसं येतात, घरातून माणूस उचलतात आणि दुसऱ्या दिवशी सरकार म्हणतं, कोण हा? आम्हाला ठाऊक नाही. शिवाय सत्ता सोडताना लष्कराने कागद नष्ट करायचा हुकूमच काढला होता.

त्यानंतर डिसेंबर १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष अल्फोन्सीन यांनी बेपत्तांचं काय झालं ते शोधायला सत्य आयोग नेमला (कोनादेप), अध्यक्ष लेखक एर्नेस्तो साबातो. नऊ महिन्यांत अहवाल तयार, आणि त्यात बेपत्तांचा आकडा ८,९६१. शेवटच्या अंकापर्यंत! हा आकडा आणला कुठून? उद्या कोणीही येऊन सांगेल की माझा भाऊ नेला. भाऊ स्पेनला पळून गेला असेल तर?

माझं सरळ मत सांगतो. आयोगाचा अहवाल ही दुःखाची नोंदवही झाली, पुरावा नव्हे. जाणकारांनी समजावून सांगावं. राजकीय धुळवड नको, ही विनंती.

टवाळ_टिटवी

'राजकीय धुळवड नको' असं लिहिलेल्या प्रत्येक धाग्याने शंभरी गाठलेली आहे. जागा धरून बसलो.

रेवा

स्पॅनिशमधून अनुवाद करते, त्यामुळे तो अहवाल मुळातून वाचलेला आहे. पद्धत सांगते, मग मत बदलायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ब्युनोस आयर्समधल्या सान मार्तीन सांस्कृतिक केंद्रात आयोगाचं कार्यालय होतं. येणाऱ्या माणसाची जबानी घेऊन तिला क्रमांकाची फाईल करायची. अशा ७,३८० फायली झाल्या. 'माझा मुलगा नेला' एवढ्यावर कोणी थांबत नसे. कधी नेला, किती वाजता, किती जण होते, गाड्या कुठल्या, घरातलं काय लुटलं (हो, घरं सर्रास लुटली जायची), शेजाऱ्यांनी काय पाहिलं, नंतर कुठल्या ठाण्यावर गेलात, तिथे काय सांगितलं, सगळं विचारलं जाई. परदेशी पळालेल्यांच्या जबान्या तिकडच्या वकिलातींत घेतल्या गेल्या.

आता ही जबानी एकटी नसते. छळकेंद्रातून जिवंत सुटलेला माणूस दुसऱ्या शहरात, त्या आईला न ओळखता सांगतो की माझ्या शेजारच्या कोठडीत अमुक नावाचा मुलगा होता, पायाने लंगडत होता. दोन्ही फायली एकमेकींसमोर ठेवल्या की नोंद उभी राहते. अहवालात दिलंय की ६२ टक्के लोकांना त्यांच्या राहत्या घरातून, साक्षीदारांसमोर नेलं. म्हणजे 'कोणी पाहिलं नाही' हा प्रकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार कमी होता.

आणि नऊ महिन्यांत काम झालं कारण ते नऊ महिन्यांचं नव्हतंच. लष्कर सत्तेवर असतानाच मानवी हक्क संघटना जीव मुठीत धरून याद्या करत होत्या. १९७९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोग पाहणीला आला, तेव्हा तक्रार द्यायला लोकांच्या रांगा लागल्या होत्या. साबातोंच्या आयोगाला ही आयती शिदोरी मिळाली.

काळाकोट

रेवाताईंनी साक्षीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. आडवाट, तुमचं 'कागद नाही' हे गृहीतकच चुकीचं आहे.

मुलगा नेल्यावर घरचे लोक काय करतात? वकील गाठतात आणि हेबिअस कॉर्पसचा अर्ज टाकतात (ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असा अर्ज). न्यायाधीश पोलीस आणि लष्कराला विचारतो. उत्तर येतं, 'सदर इसम आमच्या ताब्यात नाही'. अर्ज फेटाळला जातो. अशा हजारो अर्जांचा निकाल हाच. त्या वेळी हे अर्ज म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं. पण फेटाळलेला अर्ज न्यायालयाच्या दप्तरात राहतो, तारखेसकट! पुढे साक्षीदार सांगतो की त्याच महिन्यात तो माणूस लष्कराच्या इमारतीत डोळे बांधून पडलेला मी पाहिला. आता तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत: माणूस ताब्यात असल्याची साक्ष, आणि तो ताब्यात नसल्याचं शासनाचं लेखी उत्तर. सक्तीने गायब करण्याच्या गुन्ह्याची कायद्यातली व्याख्या नेमकी हीच आहे. शासनाच्या माणसांनी स्वातंत्र्य हिरावणं आणि त्यानंतर ते नाकारणं. नाकारल्याचा पुरावा आरोपीने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी देऊन ठेवलेला.

टवाळ_टिटवी

म्हणजे हुकूमशाही पडली तरी आवक-जावक रजिस्टर टिकतं. कारकून चिरायू होवो.

दप्तरदार

टवाळभाऊ, हसण्यावारी नेऊ नका. अभिलेखागारात नोकरी झाली आहे म्हणून सांगतो, गुप्तता पाळणाऱ्या यंत्रणेलाही कागद लागतोच. कोणाला किती वाजता हलवलं, जेवणाची ताटं किती, गाडीत डिझेल किती, याच्याशिवाय एवढा मोठा कारभार चालत नाही. ग्वातेमालातही यादवीत माणसं गायब झाली होती. तिथे जुलै २००५ मध्ये जुन्या राष्ट्रीय पोलिसांचं दप्तर एका आवारात सापडलं. ओल लागलेले, उंदरांनी कुरतडलेले गठ्ठे, अंदाजे ८ कोटी पानं. तिथल्या सत्य आयोगाचा अहवाल १९९९ मध्येच आला होता आणि आयोगाला सांगण्यात आलं होतं की असं काही दप्तर अस्तित्वातच नाही. म्हणजे आयोगाने जे काम केलं ते कागदाविना केलं, आणि कागद सहा वर्षांनी मिळाले.

माजी_सैनिक

चर्चा एका अंगाने चालली आहे म्हणून लिहितो. मोन्तोनेरोस आणि ईआरपी या अर्जेंटिनातल्या सशस्त्र गनिमी संघटना होत्या. बॉम्ब, अपहरणं, अधिकाऱ्यांच्या हत्या झाल्या. त्यात मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांची जबानी कोणत्या फायलीत आहे? आयोगाने फक्त एका बाजूची दुःखं मोजायची आणि त्याला 'सत्य' म्हणायचं?

आणखी एक. चिलीच्या बेपत्तांच्या यादीतला एक गृहस्थ २००८ मध्ये अर्जेंटिनातून परत आला, धडधाकट. दुसरा संसार थाटून राहत होता. आडवाट यांची शंका अगदीच हवेतली नाही.

रेवा

सुभेदार काका (सुभेदार असाल असं गृहीत धरते, कमीजास्त हुद्दा असल्यास माफी), साबातोंच्या प्रस्तावनेची सुरुवातच मुळी डाव्या आणि उजव्या दोन्ही टोकांच्या दहशतीच्या उल्लेखाने होते. त्यावरून उलट्या बाजूनेही टीका झाली की शासनाचा गुन्हा आणि गनिमांचा गुन्हा एका तराजूत कसे घालता. २००६ च्या आवृत्तीला आणखी एक प्रस्तावना जोडली गेली ती याच वादातून. शिवाय अल्फोन्सीन यांनी सत्तेवर येताच गनिमी संघटनांच्या म्होरक्यांवर आणि लष्करी जुंतांवर (राज्य चालवणाऱ्या सेनाधिकाऱ्यांच्या मंडळांवर), दोघांवरही खटले भरायचे आदेश काढले होते.

काळाकोट

माझं उत्तर छोटं आहे. बॉम्ब टाकणाऱ्याला पकडा, न्यायालयात उभा करा, शिक्षा द्या. हातात पोलीस, न्यायालयं, तुरुंग सगळं असताना माणूस विमानातून समुद्रात का टाकावा लागतो? अहवालातल्या आकडेवारीत सर्वांत मोठा गट कामगारांचा आहे, सुमारे ३० टक्के. त्याखालोखाल विद्यार्थी, २१ टक्के. गरोदर बायका ३ टक्के. त्यांची बाळं कुठे गेली हे अजून शोधलं जातंय.

आडवाट

काळाकोट साहेब, फेटाळलेल्या अर्जाचा मुद्दा डोक्यात शिरला. पण स्पेनला पळून गेलेला भाऊ अजून शिल्लक आहे. आणि जिवंत सुटलेल्यांच्या साक्षीबद्दल शंका आहेच. महिनोन्‌महिने डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाने काय पाहिलं असणार?

सांतियागोकर

कामानिमित्त सांतियागोला राहिलो आहे, तेव्हा पळालेल्या भावाची जबाबदारी माझ्याकडे.

चिलीत पिनोचेतची लष्करी राजवट संपल्यावर १९९० मध्ये नेमलेल्या रेत्तिग आयोगाने हे पद्धतशीर तपासलं. माणूस बेपत्ता आहे अशी तक्रार आली की सरकारी दप्तरांत त्याच्या जिवंतपणाच्या खुणा शोधायच्या. नागरी नोंदणीत नंतर लग्न, मूल, ओळखपत्राचं नूतनीकरण आहे का? सीमेवर देश सोडल्याची नोंद? मतदार यादीत नाव? कशातच काही नाही आणि अटकेचे साक्षीदार आहेत, मगच माणूस यादीत. फेब्रुवारी १९९१ मध्ये अहवाल दिला तेव्हा एकूण बळी २,२७९ आणि त्यातले बेपत्ता ९५७. शेकडो प्रकरणांत आयोगाने 'आम्हाला खात्री पटली नाही' असंही लिहिलं. आईला समोर बसवून हे सांगणं काय असेल, विचार करा.

माजी_सैनिक म्हणतात ते २००८ चं प्रकरण खरं आहे आणि तिकडे त्यावर बराच गदारोळ झाला. अशी चुकीची नावं मोजकी निघाली. यादीत हजार माणसं आणि चाळणी सरकारी दप्तरांची, तर चाळणीतून एखादा निसटणारच. पण 'पळून गेलेत' हा दावा मुळात कोणाचा होता बघा. जुलै १९७५ मध्ये ११९ चिली नागरिकांची नावं दोन परदेशी प्रकाशनांत छापून आली, ब्युनोस आयर्सचं 'लेआ' आणि ब्राझीलमधल्या कुरितिबाचं 'ओ दीआ'. बातमी काय, तर हे लोक परदेशात आपसांत लढून मेले. चिलीच्या वर्तमानपत्रांनी ती मोठ्या मथळ्याने उचलली. ते 'लेआ' त्या एका अंकापुरतंच निघालं! पिनोचेतची गुप्त पोलीस यंत्रणा दिना हिने रचलेला बनाव होता तो. आणि त्या ११९ पैकी कित्येकांना अटक होताना लोकांनी पाहिलं होतं, हेबिअस कॉर्पसचे अर्ज पडलेले होते.

चर्चच्या 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' या कार्यालयाने हे अर्ज १९७६ पासून जपून ठेवले. त्यापूर्वी तेच काम चर्चांच्या दुसऱ्या समितीकडे होतं. पिनोचेतने ती बंद करायला लावली, तर कार्डिनलने नव्या नावाने दुकान उघडलं. आयोगाचं अर्धं काम त्या कपाटांनी केलं.

टवाळ_टिटवी

एकाच अंकापुरतं निघालेलं मासिक. इथल्या काही ब्लॉगलेखकांशी स्पर्धा आहे. (हलके घ्या.)

दप्तरदार

पट्टीबद्दल मी लिहितो, कारण स्थळपाहणी हा मला त्या कामातला सर्वांत ताकदीचा भाग वाटतो.

पट्टी बांधलेल्या माणसाला कान असतात, पाय असतात. पायऱ्या किती उतरलो, वळण कुठल्या हाताला, फरशी गुळगुळीत की खडबडीत, दार लोखंडी की लाकडी. पट्टीच्या खालच्या फटीतून पायाजवळचं दिसतं. सुटून आलेल्यांनी यावरून नकाशे काढले. आयोगाचे सदस्य, छायाचित्रकार आणि हे लोक मग त्या इमारतींत गेले. साक्षीदाराला दारातच विचारायचं, आता पुढे काय येईल? तो सांगे, उजवीकडे जिना, मग बुटकं दार. आणि ते असे. आयोगाने अशी ३४० गुप्त केंद्रं नोंदवली.

सर्वांत गाजलेलं केंद्र एस्मा, नौदलाची तांत्रिक शाळा. तिथल्या अधिकाऱ्यांच्या निवासाची इमारत वापरली जात होती. पोटमाळ्यावर कैदी, तळघरात छळ. १९७९ मध्ये परदेशी पाहणी पथक येणार म्हटल्यावर नौदलाने इमारतच बदलली. तळघरात उतरणारा जिना काढला, लिफ्ट काढली. हेतू हा की सुटलेल्यांचं वर्णन जागेशी जुळू नये. पण काढलेल्या वस्तूची खूण राहते. त्या खुणा आजही तिथे दिसतात. म्हणजे साक्षीला खोटं पाडायला केलेला बदल हाच साक्षीचा पुरावा झाला. साध्या शाळेतला जिना कोणाला कशाला काढावा लागतो?

रेवा

एस्मातलंच आणखी एक. विक्तोर बास्तेर्रा नावाचा छपाई कामगार १९७९ मध्ये तिथे आणला गेला. त्याचं कसब बघून त्याला नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी खोटी ओळखपत्रं, पासपोर्ट बनवायला बसवलं. प्रत्येकाच्या फोटोच्या चार प्रती लागायच्या. हा पाच काढायचा. पाचवी स्वतःसाठी. प्रकाशाने खराब होणाऱ्या फोटोच्या कागदाच्या डब्यात लपवायची, कारण तो डबा उघडला तर सगळा कागद फुकट जाईल हे पहारेकऱ्यांना ठाऊक होतं आणि कोणी उघडत नसे. पुढे पुढे त्याला घरच्यांना भेटायला सोडू लागले, तेव्हा एकेक करून ते फोटो त्याने बाहेर नेले. त्यात छळ करणाऱ्यांचे चेहरे होते, आणि नंतर कधीच न दिसलेल्या कैद्यांचेही. १९८५ च्या जुंतांच्या खटल्यात तो साक्षीला उभा राहिला.

आडवाट

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

विदाकण

अंगावर आलं, पण धाग्याच्या मूळ प्रश्नात एक आकडा आहे आणि त्याला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून विदावाला मध्ये पडतो.

८,९६१ ही एकूण बेपत्तांची संख्या आहे असं आयोग म्हणतच नाही. ती त्या तारखेपर्यंत नोंद झालेल्यांची यादी आहे आणि यादी अपुरी आहे असं अहवालातच लिहिलंय. भीतीपोटी न आलेले, खेड्यातले, ज्यांचं अख्खं घर संपलं ते नाहीतच. संघटना ३०,००० म्हणतात. यावर तिथे अजून हमरीतुमरी चालते. एक कागद मात्र लक्षात घेण्यासारखा आहे: चिलीच्या दिना यंत्रणेचा ब्युनोस आयर्समधला हस्तक आरांसिबिया क्लावेल याने जुलै १९७८ मध्ये वरिष्ठांना कळवलं होतं की अर्जेंटिनाच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या (बटालियन ६०१) हिशेबाने १९७५ पासून मेलेले आणि बेपत्ता मिळून २२,०००. राजवट अजून पाच वर्षं चालायची होती.

ग्वातेमालात आणखी पुढचं पाऊल टाकलं. आयोगाकडे नोंदलेले बळी ४२,२७५. अंदाज मात्र २ लाखांहून अधिक. हवेतून नाही काढला. आयोग, चर्च आणि नागरी संघटना अशा तिघांनी स्वतंत्रपणे जबान्या गोळा केल्या होत्या. तिन्ही याद्यांत तीच तीच नावं पुन्हा पुन्हा आली असती, तर जवळपास सगळे नोंदले गेले असं म्हणता आलं असतं. नावं जेवढी कमी जुळतात, तेवढा याद्यांबाहेर राहिलेल्यांचा गट मोठा. तो किती मोठा, हे गणिताने काढता येतं, चुकीची मर्यादाही सांगता येते.

तेव्हा आडवाट, शेवटच्या अंकापर्यंतचा आकडा बघून संशय घेऊ नका. नावांची यादी शेवटच्या अंकापर्यंतच असते. गोल आकडा असतो तो अंदाज.

माजी_सैनिक

विदाकण यांचं पटलं. ३०,००० ही घोषणा आहे आणि ८,९६१ ही यादी, असं म्हणू.

विदाकण

असं मी म्हटलेलं नाही! यादी म्हणजे तळ. वर किती मजले आहेत हा वाद आहे.

हाडाचा_डॉक्टर

नावावर जाऊ नका, खरंच हाडांचा डॉक्टर आहे. प्रेताबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून.

सुरुवातीला तिथल्या न्यायाधीशांच्या हुकमावरून बुलडोझरने कबरी उकरल्या. पाच माणसांची हाडं एका ढिगात. ओळख तर सोडाच, किती जण हेही सांगता येईना. १९८४ मध्ये क्लाइड स्नो हा अमेरिकन न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ आला, त्याने ते थांबवायला सांगितलं आणि मदतीला विद्यार्थी घेतले. त्या पोरांचंच पुढे अर्जेंटिनाचं न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक झालं. आज जगभर बोलावलं जातं.

त्यांनी आधी फावडं घेतलं नाही, स्मशानाची रजिस्टरं उघडली. त्या वर्षांत बेवारस म्हणून पुरलेल्यांची संख्या अचानक वाढलेली, वय तरुण, मृत्यूचं कारण गोळी. गायब करणाऱ्यांनी प्रेत नगरपालिकेच्या गळ्यात टाकलं आणि नगरपालिकेने नेहमीच्या रीतीने नोंद केली. (टवाळभाऊ, तुमचा कारकून.) डिसेंबर १९७७ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर काही प्रेतं वाहून आली, ती हेनेराल लावाये गावात बेवारस म्हणून पुरली. २००५ मध्ये ओळख पटली. मदर्स ऑफ प्लासा दे मायो या बेपत्तांच्या आयांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी तिघी आणि एक फ्रेंच नन त्यात होत्या. अस्थिभंग उंचावरून पडल्यासारखे.

पण यश हमखास नसतं. सांतियागोच्या स्मशानातल्या 'पातियो २९' मधल्या ९६ जणांची ओळख नव्वदच्या दशकात पटवली आणि अस्थी घरच्यांना दिल्या. २००६ मध्ये जाहीर झालं की त्यातल्या ४८ चुकीच्या होत्या. दहा वर्षं फुलं वाहिलेली कबर दुसऱ्याच कोणाची तरी.

रेवा

आणि म्हणूनच सगळ्या आयांना उकरणं नकोच होतं. एबे दे बोनाफिनी यांचा गट ठाम होता: जिवंत नेलंत, जिवंत परत द्या. हाडं घेतली की शासन फाईल बंद करणार. भरपाईलाही त्यांचा विरोध. संघटना १९८६ मध्ये फुटली त्यात या मतभेदांचा वाटा होता. मला स्वतःला दुसरा गट जवळचा वाटतो, अस्थी मिळाल्या तर घ्याव्यात. पण बोनाफिनींचे दोन मुलगे आणि सून गेलेली. त्यांना हट्टी म्हणायचा मला अधिकार नाही.

कोकीळ

आयोगाने नावं घेतली का हो? छळ करणाऱ्यांची?

काळाकोट

इथे देशागणिक तऱ्हा. अर्जेंटिनाच्या आयोगाने स्वतंत्र यादी छापली नाही, राष्ट्राध्यक्षांकडे दिली. ती १९८४ च्या नोव्हेंबरात एका नियतकालिकात फुटली, तेराशेवर नावं. चिलीत अजिबात नाही, कारण आरोपीला बाजू मांडू न देता आयोग दोषी ठरवू शकत नाही आणि पिनोचेत तेव्हा लष्करप्रमुख होताच. ब्राझीलने २०१४ मध्ये ३७७ नावं थेट छापली. एल साल्वादोरने १९९३ मध्ये छापली, आणि पाच दिवसांत संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला!

टवाळ_टिटवी

पाच दिवसांत कायदा. एवढी तत्परता.

दप्तरदार

अवांतर: पहिला आयोग कोणाचा ठाऊक आहे? इदी अमीनचा. १९७४ मध्ये त्याने स्वतःच्याच राजवटीतल्या बेपत्तांची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगाने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे ३०८ प्रकरणं तपासली आणि त्याच्याच सुरक्षा यंत्रणांकडे बोट दाखवलं. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

आडवाट

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढे गेली. सगळ्यांचे आभार. 'पुरावा नव्हे' हे वाक्य मी मागे घेतो, पण पूर्ण नाही. हे सगळं माहिती म्हणून भक्कम आहे हे दिसलं. न्यायालयात प्रेताशिवाय टिकतं का? म्हणजे मूळ प्रश्न उरतोच.

काळाकोट

टिकतं. १९८५ च्या खटल्यात सरकारी वकील स्त्रासेरा आणि मोरेनो ओकाम्पो यांनी आयोगाच्या फायलींतून ७०९ प्रकरणं निवडून मांडली. विदेला आणि जुंतातला नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप. पुढे माफी मिळाली, माफी रद्द झाली, ती कथा वेगळी.

पण चिलीतला युक्तिवाद तुमच्या प्रश्नाला चपखल बसतो. पिनोचेतने १९७८ मध्ये स्वतःच्या लोकांना माफी देणारा हुकूम काढला. सप्टेंबर १९७३ ते मार्च १९७८ मधले गुन्हे माफ. वकील म्हणाले, ठीक. मग अपहरण कधी संपलं ते सांगा. माणूस परत आलेला नाही, प्रेत मिळालेलं नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत अपहरण आजही चालू आहे, १९७८ नंतरही चालू होतं, आणि चालू गुन्ह्याला माफी लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे उचलून धरलं. प्रेत लपवलं हीच आरोपीची अडचण झाली. याची दुसरी बाजूही क्रूर आहे: अस्थी सापडल्या तर अपहरणाचा खून होतो, खुनाला तारीख असते, आणि ती १९७८ च्या आतली निघाली तर माफीचा दरवाजा किलकिला होतो. घरच्यांनी शोधावं की शोधू नये?

सांतियागोकर

आणि त्या मंडळींनी तर प्रेतं दोनदा लपवली. १९७८ मध्ये लोन्केनच्या जुन्या चुनाभट्टीत १५ जणांचे अवशेष सापडले. त्यानंतर आदेश गेले की इतर ठिकाणची पुरलेली प्रेतं उकरून हलवा. सांकेतिक नाव 'टीव्ही काढून नेणे'. आज काही जागी फक्त बोटांची हाडं, दात मिळतात, कारण घाईत उकरताना तेवढंच मागे राहिलं.

माजी_सैनिक

मग माझा व्यावहारिक प्रश्न. शिक्षेची भीती असेपर्यंत कोण तोंड उघडणार? नाव गुप्त ठेवायची हमी द्या, लष्कर सांगेल.

सांतियागोकर

दिली होती. १९९९ ते २००१, संवाद मंच. माहिती देणाऱ्याचं नाव कायद्याने गुप्त. जानेवारी २००१ मध्ये सैन्यदलांनी २०० जणांबद्दल कळवलं; दीडशेच्या आसपास समुद्रात, नद्यांत, तळ्यांत टाकले म्हणून. त्यातला एक कामगार नेता समुद्रात टाकला असं लिहिलं होतं. त्याच वर्षी त्याची हाडं लष्कराच्या ताब्यातल्या जमिनीत निघाली.

माजी_सैनिक

हे कोणत्याही फौजेला शोभणारं नाही. दोन बाजूंचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

दप्तरदार

सोडू नका. पण चिलीत ऑगस्ट २०२३ पासून बेपत्तांचा शोध ही शासनाची जबाबदारी म्हणून सुरू झाली आहे, तोवर ओझं घरच्यांवरच होतं. १,४६९ जणांपैकी तेव्हापर्यंत ३०७ जणांचीच ओळख पटली होती. उरलेल्यांसाठी रेत्तिगच्या फायली, चर्चची कपाटं आणि न्यायालयाची दप्तरं एकमेकांशी पडताळून बघतायत. लष्कराकडे कागद असतील तर त्यांच्या बाजूनेही ते टेबलावर यावेत, एवढंच तिथले लोक इतकी वर्षं मागतायत.